समांतर रेषांचा चढ: मुलगी नेमकी कुठे अडकलीये

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक म्हणते २एक्स + ३वाय = ६ आणि ४एक्स + ६वाय = ५ या रेषा समांतर नाहीत, कारण एकीचा चढ (म्हणजे रेषा वर किती गेली भागिले पुढे किती गेली) २ आणि दुसरीचा ४. मी नौपाड्यात बरीच वर्षं दहावीच्या मुलांना गणित शिकवतोय, ही चूक दरवर्षी दिसते, चांगल्या हुशार मुलांच्या वहीत पण. एक्सचा सहगुणक, म्हणजे एक्सच्या आधीचा आकडा, हाच चढ हे तेव्हाच खरं जेव्हा वाय डावीकडे एकटा असतो, म्हणून आधी वाय मोकळा करायचा. ३वाय = −२एक्स + ६, मग सगळ्याला ३ ने भागलं की वाय = −(२/३)एक्स + २. दुसरीत ६ ने भागायचं, −४/६ येतं, म्हणजे परत −२/३ च. चढ सारखा, पण वाय अक्षाला एक रेषा २ वर छेदते आणि दुसरी ५/६ वर, म्हणून समांतर. ५ च्या जागी १२ असते तर दोन्ही मिळून एकच रेषा झाली असती, आणि हे तपासायला मुलं हमखास विसरतात.

नुसतं सूत्र पाठ करून घेऊ नका हो. ऐरोलीहून ठाण्याला उतरलात की पुलाच्या जिन्यापाशी दोन मिनिटं थांबा आणि तिला बाजूचं रेलिंग दाखवा. समजा पायरी १५ सेंटिमीटर उंच आणि ३० रुंद आहे, तर पायऱ्यांच्या कडा जोडणाऱ्या रेषेचा चढ १५/३० म्हणजे १/२, आणि रेलिंग कितीही उंचावर बसवलं तरी ३० पुढे गेलं की ते पण १५ च चढतं, नाहीतर वर जाईपर्यंत ते पायऱ्यांना तरी टेकलं असतं किंवा हाताबाहेर गेलं असतं. उंची वेगळी, चढ तोच.

एक्स = ३ आणि एक्स = ७ सारख्या उभ्या रेषांना मात्र हा नियम लावू नका, त्या समांतरच आहेत पण तिथे छेदात शून्य येतो त्यामुळे चढ ठरवताच येत नाही. मुलं तिथे ० लिहून मोकळी होतात, ० तर आडव्या रेषेचा चढ.

अजून एक, बीजगणितातली दोन समीकरणं एकत्र सोडवायची क्रेमरची पद्धत तिला येत असेलच. तिथला डी, म्हणजे एक्स-वायच्या सहगुणकांचे तिरपे गुणाकार करून केलेली वजाबाकी, काढायला सांगा: २×६ − ४×३ = ०. डी शून्य आला म्हणजे चढ सारखे, हे तिचं तिलाच दिसू दे.

मग (१, ४) मधून जाणारी आणि पहिल्या रेषेला समांतर अशी रेषा काढायला द्या. डावी बाजू तशीच ठेवून बिंदू घातला की २ + १२, म्हणजे २एक्स + ३वाय = १४ यायला पाहिजे. नाही आलं तर तिने केलेल्या पायऱ्या जशाच्या तशा लिहून पाठवा, बघतो कुठे गडबड होतेय.