जानेवारीत सोलंटमध्ये (इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सामुद्रधुनीत) शिडाच्या बोटीवर रात्र काढायची आहे. ऊब राहावी म्हणून स्वयंपाकाचा गॅस पेटता ठेवला तर चालेल का?

नाही, गॅस उबेसाठी अजिबात पेटता ठेवू नका; बाहेरून हवा घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा डिझेल हीटर बसवून घ्या. 1 किलो प्रोपेन (स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला एक गॅस) जळला की साधारण 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. उघड्या शेगडीची ही सगळी वाफ केबिनमध्येच राहते, थंड भिंतींवर आणि गादीखाली साचते, आणि ओल्या पांघरुणात माणूस जास्तच गारठतो. त्याहून गंभीर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हवा अपुरी पडून इंधन नीट न जळाल्यावर तयार होणारा विषारी वायू. त्याला वास नसतो आणि झोपेत कळतही नाही. म्हणून हीटर कोणताही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. थंडी वाजते म्हणून हवेची भोकं बोळे कोंबून बंद करू नका, कृपया.

एक अडचण मात्र आहे. डिझेल हीटरलाही वीज लागते, आणि सुरू होताना तो सर्वांत जास्त ओढतो. बॅटरी उतरलेली असेल तर तो पेटणारच नाही. म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका:

- अंगालगत लोकरीचा थर, सुती नको. सुती कपडा ओला झाला की लवकर वाळत नाही
- झोपताना घालायचे कोरडे मोजे वेगळे, बंद पिशवीत
- गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि गादीखाली हवा खेळेल अशा पट्ट्या