पहाटेच्या थंडीत ट्रकचा डिफरन्शियल लॉक लागत नाही, दुपारी मात्र लागतो. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की ऊस भरलेला ट्रक पहाटे मोहोळकडच्या फडातून काढताना लॉकचं (म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) बटण दाबता, पण डॅशवरचा दिवा लागत नाही आणि एकच चाक जागेवर फिरत राहतं. तोच लॉक दुपारी पहिल्या दमात लागतो. गॅरेजवाल्यांनी सांगितलंय की थंडीने हाउसिंगमधलं, म्हणजे मागच्या एक्सलच्या पेटीतलं, तेल घट्ट झालंय, ते बदला. मी सोलापुरात अवजड गाड्यांचंच काम करतो. माझं म्हणणं एवढंच, की तेलावर पैसे घालण्याआधी लॉक ज्या दाबाच्या हवेवर चालतो ती हवा तपासा.

८५डब्ल्यू-१४०, म्हणजे आपलं १४० नंबर तेल, थंडीत जड होतं हे खरं. पण ८५डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे १२ अंशांवर घेतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतली पहाट साधारण १२ ते १५ अंशांची, कडाका पडला तर १० च्या आसपास. एवढ्या गारठ्यात जड तेलाने लॉक थोडा उशिरा लागेल, अजिबात लागणार नाही असं सहसा होत नाही. गाडी काश्मीर-लडाखच्या वाटेवर जाणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं पातळ तेलच घालायला हवं.

बटण दाबलं की सोलेनॉइड वॉल्व्ह (विजेवर चालणारा वॉल्व्ह) उघडतो आणि हवा एक्सलवरच्या छोट्या सिलिंडरमध्ये जाते. तिथला पिस्टन फोर्क ढकलतो, फोर्क दातेरी कॉलर सरकवतो, आणि एका बाजूचा एक्सल शाफ्ट डिफरन्शियलच्या केजशी जखडला जातो. मग दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. दिव्याचा स्विच फोर्कपाशी असतो, त्यामुळे कॉलर पूर्ण बसल्याशिवाय दिवा लागत नाही.

आता पहाटेच का? रात्रभर गाडी उभी राहिली की हवा थोडी थोडी उतरते. इंजिन चालू केल्यावर प्रोटेक्शन वॉल्व्ह आधी ब्रेकच्या टाक्या भरतो, बाकीच्या लाइनना हवा मागाहून मिळते. बऱ्याच गाड्यांत डिफरन्शियल लॉक याच मागच्या लाइनवर असतो. डॅशवरचे काटे ब्रेकची हवा दाखवतात, लॉकच्या लाइनची नाही. हँडब्रेक सुटला म्हणून लगेच बटण दाबलं तर पिस्टनला पुरेसा जोर मिळत नाही. काटे वर स्थिर झाले आणि टाक्या भरल्याचा, म्हणजे कट-ऑफचा, 'फुस्स' आवाज आला की मगच लॉक लावून बघा. नुसत्या एवढ्याने लॉक लागला तर गळती कुठे आहे ते साबणाचं पाणी लावून शोधा.

दुसरा संशय सिलिंडरमधल्या ओ-रिंगवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रबरी कडीवर. जुनं रबर कडक होतं, गारठ्यात आणखी आखडतं आणि पिस्टनच्या बाजूने हवा निसटते. एक्सल तापला की तेच रबर नरम पडून नीट बसतं. तुमची 'दुपारी लागतो' ही खूण याच्याशी फार जुळते. जोडीला हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडून बघा. राखाडी, चिकट पाणी आलं तर हवेतला ओलावा काढणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय, आणि तोच चिकटा सोलेनॉइडमध्ये बसलेला असू शकतो.

नक्की कुठे बिघडलंय हे कळायला एक तपासणी पुरते. ती पहाटेच करा, गाडी तापल्यावर काही कळणार नाही. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून आणि चाकांना दगड लावून उभी करा. बटण बंद ठेवून सिलिंडरची हवेची नळी काढा, मग क्लीनरला बटण दाबायला सांगा. नळीतून जोरात हवा आली तर दोष सिलिंडर, फोर्क किंवा कॉलरमध्ये आहे. हवा आली नाही पण वॉल्व्हचा 'टक्' आवाज आला, तर वॉल्व्ह तुंबलाय किंवा नळी कुठेतरी दबली आहे. आवाजही नसेल तर फ्यूज, बटण आणि वॉल्व्हचं कनेक्टर बघा. फडातला चिखल आणि दव यांनी कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात.

तेल बदलायचं नसलं तरी बघायचं जरूर. ओढ्यातून गाडी काढली की तापलेला एक्सल एकदम गार होतो आणि ब्रीदर (हाउसिंगची हवा जायची-यायची वाट) किंवा सीलमधून पाणी आत ओढतो. तेल दुधाळ दिसलं तर ते त्याच दिवशी बदला आणि ब्रीदर साफ करा, नाहीतर फोर्कचा शाफ्ट गंजून अडकतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असणं ठीक आहे. दात्याचे तुकडे निघाले तर हाउसिंग उघडावंच लागेल.

आणि कृपा करून चाक फिरत असताना बटण दाबू नका. आपल्या काळ्या मातीत गाडी रुतली की घाईत सगळे तेच करतात, आणि कॉलरचे दाते किंवा एक्सल शाफ्ट तुटतो. आधी चाक पूर्ण थांबवा, बटण दाबा, मग क्लच हलकेच सोडून गाडी इंचभर सरकवा. दात्यासमोर दाता आला असेल तर त्या हालचालीने कॉलर आत बसते आणि दिवा लागतो. डांबरीवर यायच्या आधी लॉक काढा. दिवा विझत नसेल तर बटण बंद ठेवून गाडी सरळ थोडी मागेपुढे घ्या, शाफ्टवरचा पीळ सुटला की कॉलर मागे येते. लॉक लागलेला असताना भरल्या गाडीने वळण घेऊ नका. तसंच, एक चाक जॅकवर असताना लॉक लावून गाडी गिअरमध्ये टाकू नका. जमिनीवरचं चाक ओढ घेतं, गाडी जॅकवरून सुटते आणि खाली असलेला माणूस सापडतो.

नळी काढल्यावर हवा येते की नाही, ते आणि गाडीचं मॉडेल इथेच कळवा. सिलिंडर न उतरवता ओ-रिंग बदलता येते का, हे मॉडेलवर ठरतं.