खाडाखोड नसलेली वही

"शाळेत गणितात ९६ पडतात आणि ऑलिम्पियाडच्या सराव परीक्षेत १०० पैकी ११. मग हिला गणित येतं की नाही?" कोथरूडहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी नववीत. जूनमध्ये तिला आयओक्यूएमच्या, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेच्या, क्लासला घातलं, जुलैत पहिली सराव परीक्षा झाली आणि त्या संध्याकाळपासून ती "मला गणित सोडायचंय" म्हणते आहे. वडिलांचं मत असं, की क्लास बंद करावा, पुढच्या वर्षी दहावी आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हीच काळजी घेऊन येणारी घरं बरीच असतात, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर.

आधी ते ११ गुण कसे झाले ते पाहिलं. आयओक्यूएममध्ये ३० प्रश्न आणि तीन तास असतात. १० प्रश्न दोन गुणांचे, १० तीनचे, १० पाचचे. प्रत्येक उत्तर ० ते ९९ मधला पूर्णांक, आणि तो ओएमआर पत्रिकेवर (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर) दोन अंकांत भरायचा, म्हणजे ७ असेल तर ०७. मुलीने घड्याळ लावून प्रत्येक प्रश्नाला सहा मिनिटं दिली होती आणि सगळेच्या सगळे ३० प्रश्न घेतले होते. बरोबर आले पाच: दोन गुणांचे चार, तीन गुणांचा एक. तिला कच्च्या कामाची पानं घेऊन यायला सांगितलं होतं. त्यात दोन गुणांचे आणखी तीन प्रश्न शेवटच्या पायरीपर्यंत बरोबर आणून, सहा मिनिटं संपली म्हणून सोडलेले दिसले. म्हणजे सहा गुण निव्वळ घड्याळाने नेले. शिवाय हा पेपर आठवी ते बारावीच्या मुलांना एकच असतो. नववीतल्या मुलीने पहिल्याच प्रयत्नात मिळवलेले ११ गुण शाळेच्या ९६ शेजारी मांडणं चुकीचं आहे, आणि हे पालकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं.

मग तिची सरावाची वही पाहिली. अक्षर मोत्यासारखं, उत्तरांना लाल चौकट, दीडशे पानांत एकही खाडाखोड नाही. आमच्या मते खरी अडचण इथे होती. स्पर्धेचं गणित करणाऱ्या मुलाची वही इतकी स्वच्छ असूच शकत नाही. विचारल्यावर कळलं, की पाच-सात मिनिटांत सुचलं नाही की ती मागचं उत्तर उघडायची, समजून घ्यायची आणि सुवाच्य उतरवून काढायची. समजायचं सगळं. सुचण्याचा सराव मात्र शून्य.

तिला समोर बसवून एक गणित दिलं: न हा धन पूर्णांक आहे आणि न² + ७ ला न + ३ ने नि:शेष भाग जातो, तर न च्या सर्व किमतींची बेरीज किती? तिने १, २, ३ अशा किमती घालून पाहिल्या. १ चालला, ५ चालला, १० पर्यंत जाऊन ती थांबली आणि उत्तर लिहिलं ६. चार मिनिटं झाली होती. "१० च्या पुढे नाही कशावरून?" यावर ती गप्प.

किमती घालून पाहण्यात काही चूक नाही, सुरुवात अशीच करावी. चूक आहे ती शोध कुठे संपतो हे न ठरवता थांबण्यात. न² + ७ ला न + ३ ने भागलं तर भागाकार न − ३ आणि बाकी १६ येते. म्हणजे न + ३ ने १६ ला भागलं पाहिजे. न धन आहे, म्हणून न + ३ किमान ४. मग उरतात ४, ८ आणि १६. न = १, ५, १३. बेरीज १९. १३ तिच्या शोधाच्या तीनच पावलं पुढे होता.

ही बाकी काढायची रीत कुठली? नववीच्याच पुस्तकातल्या बहुपदी प्रकरणातला शेषसिद्धांत. न च्या जागी −३ ठेवा, ९ + ७ = १६. या घटकाच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण होते. शाळेतलं गणित ज्या प्रकरणाखाली छापलेलं असतं, त्या प्रकरणाचं नावच अर्धं उत्तर सांगून जातं. स्पर्धेच्या गणितावर नाव लिहिलेलं नसतं. हत्यार पेटीत आहे, कुठलं उचलायचं ते कुणी सांगत नाही. हे कळल्यावर तिचा चेहरा बराच सैल झाला, कारण "मला येत नाही" आणि "मला ओळखता येत नाही" यांत मोठा फरक आहे, आणि दुसऱ्यावर काम करता येतं.

काम असं ठरलं. आठवड्यातून तीन बैठका, प्रत्येकी सव्वा तासाची, एका बैठकीत फक्त दोन गणितं. पहिली २५ मिनिटं उत्तराचं पान उघडायचं नाही. काही सुचत नसेल तर हात चालू ठेवायचा: लहान आकडे घालून तक्ता कर, आकृती अर्ध्या पानाची काढ, उत्तर मिळालं असं धरून मागे ये. तरीही अडलं तर गणित तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा २० मिनिटं. त्यानंतर पट्टीने झाकून उत्तराची फक्त पहिली ओळ वाचायची आणि पुन्हा १० मिनिटं. पूर्ण उत्तर वाचावंच लागलं तर पुस्तक मिटून स्वतः लिहायचं आणि खाली एक वाक्य: हे मला कशावरून सुचायला हवं होतं? वरच्या गणिताखाली तिने लिहिलं, "भाजक साधा आहे, आधी भागून बाकी काढ." सात दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर, आणि एकवीस दिवसांनी पुन्हा. एकवीस दिवसांनंतर अडलं, तर आपण पहिल्यांदा फक्त पाठ केलं होतं असं समजायचं.

पातळीही बदलावी लागली. क्लासमध्ये अकरावीच्या मुलांबरोबर एकच संच चालू होता. कोणत्याही संचातली दहा गणितं मदतीशिवाय करून पाहावीत. चार ते सहा सुटली तर तो संच योग्य. आठ-नऊ सुटली तर वर जा, दोन किंवा कमी सुटली तर एक पायरी खाली या. तिची त्या संचात एक सुटली होती. महिनाभर मागची पातळी घेतली. यात कमीपणा नाही हे मुलीपेक्षा वडिलांना पटवायला जास्त वेळ लागला.

मुलगी थोडी स्थिरावल्यावर सिद्धतेचं एक गणित दिलं, कारण पुढच्या टप्प्याचा, म्हणजे आरएमओ या प्रादेशिक ऑलिम्पियाडचा, नूर वेगळा आहे. तिथे तीन तासांत सहाच प्रश्न आणि प्रत्येकाची पूर्ण सिद्धता लिहायची. आयओक्यूएमला सरासरी सहा मिनिटं, इथे ३०, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये साडेचार तासांत तीन, म्हणजे एकेकाला ९०. जे मूल सातव्या मिनिटाला पान उलटतं, त्याला पुढची दारं बंदच राहतात. गणित असं: १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या घेतल्या, तर त्यांत अशा दोन सापडतातच की एकीने दुसरीला नि:शेष भाग जातो.

तिने लिहिलं: ५१ ते १०० घ्या, यात कुणी कुणाला भागत नाही. आता आणखी एक संख्या घाला, ती यातल्या कुणाला तरी भागेलच. झालं सिद्ध. हुशार मुलं हमखास इथेच फसतात. "सगळ्यात वाईट" वाटणारा एक संच तपासला म्हणून बाकीचे सगळे संच तपासले असं होत नाही. तिच्या कामातून एवढंच सिद्ध होतं की ५० संख्या पुरत नाहीत. ५१ नेहमी पुरतात, हे दाखवायला प्रत्येक संख्येतून दोनचे सगळे अवयव काढून टाका. ४८ चे उरतात ३, ४० चे ५, ७७ चे ७७. उरते ती नेहमी विषम संख्या, आणि १०० पर्यंत विषम संख्या ५०च आहेत. प्रत्येक विषम संख्या म्हणजे एक घर समजा. संख्या ५१, घरं ५०, म्हणून दोघी एका घरात येणारच, आणि एका घरातल्या दोघींत फरक फक्त दोनच्या अवयवांचा, म्हणून लहानीने मोठीला भाग जातो. या गणिताला तिने तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी स्वतःच विचारलं, "९९ पर्यंतच संख्या असत्या तर ५० पुरल्या असत्या का?" नाही, तरीही ५१ लागतात. ५० ते ९९ मध्ये कुणी कुणाला भागत नाही, हे तिनेच शोधलं.

घरासाठी दोन गोष्टी सांगितल्या. रोज रात्री "आज किती सुटली?" हा प्रश्न बंद. सहज विचारायचंच असेल तर "कुठलं अडलंय, मला सांग बरं" असं विचारावं. पालकांना गणित कळण्याची गरज नाही, ते मोठ्याने सांगतानाच मुलांना बऱ्याचदा वाट दिसते. दुसरं, सोसायटीच्या ग्रुपवर सराव परीक्षेचे गुण टाकू नयेत. आणि पेपरपूर्वी उलट्या, झोप उडणं, गणिताची वही दिसली की रडू येणं असं दोन-तीन आठवडे टिकलं, तर स्पर्धा त्या वर्षापुरती थांबवावी. या मुलीत तसं नव्हतं. तिला लाज वाटत होती.

धाकटा भाऊ सहावीत. त्यालाही आत्तापासूनच क्लासला घालावं का, असं आईने विचारलं. घाई नको. पाचवी-सहावीसाठी भास्कराचार्य प्रतिष्ठानची बीएमटीएससी ही गणिताची प्रज्ञाशोध स्पर्धा आहे, ती पुरेशी आहे. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात उभी केलेली ही संस्था कोथरूडपासून जवळच, एरंडवण्यात आहे. घरी आठवड्याला एक गणित द्यावं, जसं की २०० पानांच्या वहीला क्रमांक घालताना एकूण किती अंक लिहावे लागतील? त्याने उत्तर काढलं ४८९. बरोबर उत्तर ४९२. एकअंकी ९, दोनअंकी ९० पानांचे १८०, आणि १०० ते २०० ही पानं १०० नसून १०१, म्हणून ३०३. दोन्ही टोकं मोजायची राहून जाणं ही या वयातली सगळ्यात सामान्य चूक, आणि ती नववीतही पाच गुण घालवते.

पेपरची पद्धतही बदलली. पहिली १० मिनिटं सगळे प्रश्न वाचायचे, पुढचे दीड तास दोन आणि तीन गुणांच्या २० प्रश्नांतले जमणारे, मग पाच गुणांचे निवडून फक्त चार, शेवटची १५ मिनिटं गोल तपासायला. ऑगस्टच्या मध्यावर २६ गुण आले, महिनाअखेरीला २३. घसरले म्हणून वडील पुन्हा अस्वस्थ झाले. मुलीने पेपर दाखवला: त्यात पाच गुणांचा भूमितीचा प्रश्न होता, त्याला ३५ मिनिटं गेली होती आणि तो सुटला होता. सप्टेंबरच्या पेपरला ती बसणार आहे. क्लास आठवड्यातून एकदाच ठेवला आहे, आणि दहावीच्या वर्षी काय करायचं ते दिवाळीनंतर तिच्याशी बोलून ठरेल.