पाटणादेवीला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा भाऊ

भाऊ, पहिल्यांदाच जातोयस तर जूनच्या पहिल्या पावसात पळू नको, तेव्हा डोंगर नुसते ओले होतात, धबधब्याला धार नसते. ऑगस्ट-सप्टेंबर धर. जळगाव जिल्ह्यातलं चाळीसगाव रेल्वेच्या मेन लाईनवर आहे, तिथे उतर आणि तिथून साधारण 18 किमी, रिक्षा ठरवताना परतीचंही आत्ताच बोलून घे नाहीतर संध्याकाळी बोंबलत बसशील, मी बसलोय एकदा.

आधी चंडिकादेवीचं दर्शन, मग केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे. हा सगळा गौताळा अभयारण्याचा भाग, म्हणजे स्पीकर, दारू, प्लास्टिक काही नको. पायात चप्पल नको रे, शेवाळावरून असा सटकतो माणूस की विचारू नको, ग्रिपवाले बूट घाल. आणि कुंडात उडी मारायची हौस घरीच ठेव, वर घाटात पाऊस झाला की खाली ऊन असलं तरी पाणी एकदम वाढतं. पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली की फोटो राहू दे, सरळ काठावर ये.

रविवार टाळ, गर्दीत निम्मा वेळ पार्किंगमध्येच जातो. पाणी-डबा सोबत घे. शेवभाजी परत आल्यावर चाळीसगावात हाण. हां, याच पाटणला (देवीच्या गावाला) प्राचीन गणिती भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तो सोडू नको, लोक सेल्फी काढून तसेच निघून जातात. पितळखोरा लेणीही जवळ आहे पण पहिल्याच दिवशी दोन्ही कोंबायच्या भानगडीत पडू नको.