'द क्रूसिबल'वर पहिल्यांदा लिहिताना
पहिल्याच लेखासाठी 'द क्रूसिबल' निवडलंत, फार छान! आर्थर मिलरचं हे नाटक १९५३चं, घटना १६९२च्या सेलममधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या गावातल्या, जिथे लोकांवर चेटकाचे खटले चालले. बहुतेक नवखे 'सेलम म्हणजे मॅकार्थीची अमेरिका' (१९५०च्या दशकात सिनेटर मॅकार्थीने कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना लक्ष्य केलं, ती) एवढं मांडून थांबतात. ते खरंच आहे, पण तिथे विश्लेषण सुरूही झालेलं नसतं.

आधी त्या न्यायालयाचा नियम नीट पाहा. चेटूक कबूल केलं की जीव वाचतो, नाकारलं की फास. म्हणजे खोटं बोलणाराच तरतो, आणि कबुली खरी वाटावी म्हणून त्याच्याकडून आणखी नावं मागितली जातात. भीती पसरते ती अशी. हे हाती लागलं की नाटकाचा नायक प्रॉक्टर सही केलेला कबुलीचा कागद का फाडतो ते उलगडत जातं. त्या प्रवेशाला भरपूर वेळ द्या.

दोन चुका टाळा:
- सगळा दोष ॲबिगेलच्या, म्हणजे इतरांवर चेटकाचे आरोप करणाऱ्या मुलीच्या, माथी मारणं. गावातला श्रीमंत पटनम आणि त्याचा शेजाऱ्यांच्या जमिनीवरचा डोळा विसरू नका.
- नाटकालाच इतिहास समजणं. खरी ॲबिगेल ११-१२ वर्षांची होती, मिलरने तिचं वय वाढवलं.

प्युरिटन (सेलमकरांचा कडक ख्रिस्ती पंथ) धर्मशास्त्र सध्या राहू द्या. चौथा अंक एकदा मोठ्याने वाचा आणि मगच लिहायला बसा.