मावसभावाबरोबर भागीदारी आणि काम तिसऱ्याकडे: एका स्टॅम्पवर भागेल का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही भुसावळचे, मावसभावाबरोबर वेबसाइटचं काम सुरू करताय, पुण्याच्या कंपनीचं काम मिळतंय आणि डिझाइन धुळ्याच्या एका मुलाकडून करून घेणार. तिघांचा मिळून ५०० च्या स्टॅम्पवर एकच करार चालेल का?

भाऊ, एकच नको. धुळेवाल्याची सही भागीदारीच्या कागदावर आली की उद्या तो भागीदार म्हणून उभा राहू शकतो. फर्मच्या देण्याला सगळे भागीदार घरादारासकट जबाबदार असतात. दोन कागद करा. भागीदारीचा स्टॅम्प भांडवलावर ठरतो, तो वकिलाला विचारा.

मी वकील नाही. जळगावात हाच धंदा करतो, पुण्याची कामं घेतो आणि त्यातली काही बाहेर देतो. वकिलाकडे जाण्याआधी काय ठरवायचं तेवढं सांगतो.

करारात जे लिहिलं नाही ते १९३२ चा भागीदारी कायदा भरून काढतो. नफा-तोटा सारखा वाटला जातो, मग सगळं कोडिंग एकट्याने केलेलं असो. कामाबद्दल पगार नाही. दोघांतला एक वारला तर फर्म संपली. नफ्याचं किंवा पगाराचं दुसरं काही हवं असेल तर आत्ताच लिहा. घरच्या माणसाला कसं विचारायचं, असं वाटत असेल तर मावशीला शेजारी बसवून विचारा, पण विचारा.

फर्म नोंदवूनही घ्या. आपल्याकडे गुमास्ता (दुकानाची नोंदणी) निघाला, जीएसटी नंबर आला की फर्म रजिस्टर झाली असं धरतात. ती नोंदणी वेगळी, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडची. सक्ती नाही, पण भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे बिननोंदणीच्या फर्मला करारातले पैसे वसूल करायला गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. गिऱ्हाईक मात्र तुमच्यावर लावू शकतं.

आता धुळ्याचं काम. आधी पुण्याच्या कंपनीचा करार काढून बघा, लेखी परवानगीशिवाय काम बाहेर देऊ नये असं त्यात बहुतेक वेळा असतं. कंपनी त्या मुलाला ओळखत नाही. त्याने उशीर केला तर दंड तुमच्या बिलातून कापला जाणार. म्हणून त्याची तारीख तुमच्या तारखेच्या आधीची ठेवा, आणि गोपनीयतेची जी अट तुमच्यावर आहे तीच त्याच्यावर घाला.

सगळ्यात जास्त फसगत हक्कांत होते. पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं झालं, असं नाही. बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचा कॉपीराइट साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. तो सहीनिशी लेखी घ्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत नसेल तर ५ वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत, असं १९५७ चा कॉपीराइट कायदा धरतो. तिकडे तुम्ही पुण्याला तेच काम कायमचं, जगभरासाठी लिहून दिलेलं असतं! त्यामुळे ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ हे शब्द त्याच्या करारातही आलेच पाहिजेत.

‘कंपनीने दिले की तुला देतो’ ही अटही जपून घाला. त्याची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर छोट्या उद्योगांच्या कायद्याप्रमाणे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हाच कायदा पुण्याच्या कंपनीपुढे तुमच्या कामी येतो, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी तुमचीही उद्यम नोंदणी करून ठेवा.

उद्या तो थेट कंपनीकडे गेला तर? करार चालू असेपर्यंत मनाई घालता येते. पण काम संपल्यावर कोणी अमुक धंदा करू नये ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. कंपनीशी मेल-फोन तुमच्याच हातात ठेवा, डोमेन आणि सर्व्हरचे पासवर्डही. कागदापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आणि वाद झाला तर फक्त पुण्याचं कोर्ट, हे कलम कंपनीच्या करारात शोधा. ते काढा म्हटलं तर तयार होणार नाहीत. मग आगाऊ रक्कम वाढवून मागा, म्हणजे शेवटच्या हप्त्यासाठी भुसावळहून तारखा करायची वेळ आलीच, तर निदान अडकलेली रक्कम छोटी असेल.