वकील नसलेले आरोपी शोधायचे कुठल्या कोर्टात?

प्रश्न: मी एलएलएमच्या शेवटच्या वर्षाला आहे, वकील नसलेले आरोपी आणि मोफत कायदेशीर मदत हा डिझर्टेशनचा विषय आहे. गाईड म्हणतात तीन कोर्टं निवड. ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या केसेसची माहिती देणारी सरकारी वेबसाइट) बघून सगळ्यात जास्त फौजदारी केसेस असलेली तीन सेशन्स कोर्टं काढलीत, चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. सेशन्सला वकील नसेल तर सरकारी खर्चाने द्यायची तरतूद जुन्या सीआरपीसीतच (फौजदारी प्रक्रिया संहिता) होती, कलम 304, त्यामुळे तुम्हाला हवी ती माणसं तिथे फारशी भेटणारच नाहीत, ती भेटतील मॅजिस्ट्रेटपुढे आणि तेही रिमांडच्या वेळेला, म्हणजे अटकेनंतर कोठडी द्यायची का हे ठरतं तेव्हा. एकदा जाऊन बसा. नाव काय, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, आरोपी मान हलवून नाही म्हणतो, कोठडी, पुढचा. मोफत वकिलाचा हक्क पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभं केल्यापासूनच सुरू होतो असं सुप्रीम कोर्टाने 1981 मध्ये खत्री केसमध्ये सांगून ठेवलंय, पण ई-कोर्ट्सवर दिसतं ते नंतर वकीलपत्र टाकणाऱ्याचं नाव, पहिल्या दिवशी आरोपीच्या बाजूने कोण बोललं हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रोजनामा, म्हणजे कोर्टात त्या दिवशी काय झालं याची नोंद, बघायचा आणि स्वतः बसायचं, सुट्टीच्या दिवशीच्या रिमांडलासुद्धा.

मी असते तर एक कोर्ट जिल्ह्याच्या ठिकाणचं घेतलं असतं, जिथे 2022 च्या नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) योजनेतले पूर्णवेळ डिफेन्स कौन्सिल, म्हणजे आरोपींसाठी नेमलेले मोफत वकील, आहेत, आणि दुसरं त्याच जिल्ह्यातलं लांबच्या तालुक्याचं जेएमएफसी, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचं कोर्ट. जिल्हा एकच ठेवा, म्हणजे जो फरक दिसेल तो वकील हाताशी असण्या-नसण्याचा आहे असं थोडं तरी ठामपणे म्हणता येईल. तिसरं रेल्वे मॅजिस्ट्रेटचं घ्याच! 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 कोठडीतल्या माणसाला, बाईला, एससी-एसटीला उत्पन्न न बघता मदत देतं, पण किरकोळ गुन्ह्यात समोर उभा केलेला माणूस गुन्हा कबूल, दंड भरला, निघाला असा जातो, वकिलाचा विषयच निघत नाही आणि अभ्यासात हीच माणसं सगळ्यात जास्त सुटून जातात.

परवानगीचं म्हणाल तर ओपन कोर्टात बसायला लागत नाही, इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालणाऱ्या केसेस सोडून. फाईली आणि रोजनामे बघायला मात्र प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी अर्ज करा, सोबत कॉलेजचं पत्र जोडा आणि आरोपींची नावं कुठेही येणार नाहीत हे त्यात आधीच लिहा.